नवीन टेक्नॉलॉजी आणताय? मशीन नंतर बघा, आधी काम बघा

सॉफ्टवेअर घेतलं, मशीन बसवलं, पैसे गेले आणि काम मात्र पूर्वीइतकंच रखडतंय, असं खूप ठिकाणी होतं आणि मग खापर फुटतं विकणाऱ्या कंपनीवर नाहीतर स्टाफवर. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा घोळ खरेदीच्या आधीच झालेला असतो, कारण मशीन सगळ्यांनी बघितलेलं असतं पण काम कोणीच नीट बघितलेलं नसतं. म्हणून घ्यायच्या आधी काय करायचं ते लिहितोय, धंदा दोन माणसांचा असो नाहीतर मोठी फॅक्टरी असो.

डेमोला लगेच हो म्हणू नका. आधी एक ऑर्डर धरा आणि ती आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत कागद-पेन घेऊन तिच्या मागे मागे फिरा. कोणाकडे गेली, किती वेळ नुसती पडून राहिली, तीच माहिती किती जणांनी परत परत लिहिली, कोणाच्या सहीसाठी अडली, सगळं टिपा. प्रत्यक्ष कामाचा वेळ वेगळा लिहा आणि वाट बघण्याचा वेळ वेगळा लिहा, हे फार महत्त्वाचं आहे, कारण जास्त वेळ वाट बघण्यात जात असेल तर कितीही फास्ट मशीन आणा, माल फक्त पुढच्या टेबलावर लवकर जाऊन साचेल.

आता हे का सांगतोय त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण विजेचं आहे. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झालं, पण विजेमुळे अमेरिकन कारखान्यांच्या उत्पादकतेत मोठी वाढ दिसली ती थेट 1920 च्या दशकात, म्हणजे मधे जवळपास चाळीस वर्षं गेली. वीज तर होती, मग अडलं कुठे? वाफेच्या काळात एक मोठं इंजिन असायचं, त्यावर छताखालचा लांबलचक शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, फिरायचा आणि त्याच्यावरून पट्टे उतरून खालची मशीनं चालायची, त्यामुळे कुठलं मशीन कुठे ठेवायचं हे कामाच्या क्रमाने नाही तर शाफ्ट कुठून जातो त्यावर ठरायचं. वीज आल्यावर बऱ्याच मालकांनी काय केलं, तर इंजिन काढलं, त्या जागी एक मोठी मोटर बसवली आणि शाफ्ट, पट्टे, इमारत सगळं होतं तसंच ठेवलं. फायदा झाला, पण थोडासाच. खरा फरक पडला तो प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आल्यावर, कारण मग शाफ्टच गेला, एकमजली ऐसपैस कारखाने बांधता आले आणि माल ज्या क्रमाने पुढे सरकतो त्या क्रमाने मशीनं लावता आली. पॉल डेव्हिड नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये हीच गोष्ट कॉम्प्युटरला लावून दाखवली, तेव्हा ऑफिसं कॉम्प्युटरनी भरली होती पण उत्पादकतेच्या आकड्यांत त्याचं काही दिसत नव्हतं.

तर तुमच्याकडचा शाफ्ट, म्हणजे नवीन मशीन आलं तरी तशीच राहणारी जुनी पद्धत, कुठला ते शोधा. सॉफ्टवेअरमध्ये एंट्री करायची आणि रजिस्टरमध्ये पण लिहायचं, असं चालू ठेवणार असाल तर तुम्ही काम वाढवताय. कागदावर एक ओळ लिहा: हे आलं की काय बंद होणार? कुठला फॉर्म, कुठली सही, कुठली वही, आणि कुठल्या तारखेला. त्या ओळीपुढे लिहायला काहीच सुचत नसेल तर खरेदी पुढे ढकला, खरंच.

दुसरं म्हणजे समोरची बाजू तयार आहे का ते बघा. बारकोड स्कॅन होऊन विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे च्युइंगमचं पाकीट, 26 जून 1974, अमेरिकेतल्या ओहायोमधलं ट्रॉय. पण दुकानात स्कॅनर असून उपयोग काय जर माल बनवणारे पाकिटावर कोड छापतच नसतील? दोन्ही बाजू तयार व्हायला वर्षं गेली. जहाजावर माल न्यायच्या मोठ्या पेट्यांचं, म्हणजे कंटेनरचंही तेच. माल्कम मॅकलीन या अमेरिकन ट्रकवाल्या उद्योजकाचं आयडियल एक्स हे जहाज 26 एप्रिल 1956 ला 58 कंटेनर घेऊन न्यूआर्कहून ह्यूस्टनला निघालं, हाताने माल चढवायला टनामागे साधारण 5.83 डॉलर लागायचे तिथे 16 सेंटच्या आत काम झालं. एवढा फरक असूनसुद्धा जगभर पसरायला क्रेन लागल्या, बंदरं नव्याने बांधावी लागली, सगळ्यांनी एकाच मापाच्या पेट्या मान्य कराव्या लागल्या. म्हणून तुमचे गिऱ्हाईक, सप्लायर, हिशेब बघणारा माणूस यांना आधीच विचारा, तुम्ही हे वापराल का. तोंडी हो पुरेसं नाही, एकदा करून दाखवायला सांगा.

मग ट्रायल. एकच विभाग घ्या, तोही सगळ्यात उत्साही माणसाचा नको, साधारण कामाचा घ्या. सुरू करायच्या आधी एक आकडा ठरवा (ऑर्डरला लागणारे दिवस, किंवा चुकांमुळे परत आलेला माल) आणि किती फरक नाही पडला तर बंद करायचं तेही आधीच लिहून ठेवा, कारण पैसे खर्च झाल्यावर प्रत्येकाला थोडीफार सुधारणा दिसायलाच लागते. ट्रायलमध्येच तुमचा सगळा डेटा बाहेर काढून बघा, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडतो का ते तपासा. उद्या सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने भाडं वाढवलं किंवा ती बंद पडली तर हेच कामाला येतं.

एआयची टूल्स आणत असाल तर अजून एक चाळणी लावा: चूक झाली तर ती लगेच दिसते का? मसुदा लिहिणं, लांब पत्राचा सारांश काढणं, इथे वाचणाऱ्याला चूक सापडू शकते. पण रक्कम, तारीख, औषधाचा डोस, कराराची अट, इथे चुकीचं उत्तरसुद्धा बरोबर उत्तराइतक्याच आत्मविश्वासाने येतं, तिथे तपासणारा माणूस नाव घालून नेमा आणि त्याला तेवढा वेळ द्या.

आणि सगळ्यात जास्त वेळ द्या माणसांना. फोर्डने 1913 मध्ये फिरती असेंब्ली लाइन आणली, गाडीची चासी (खालचा सांगाडा) जोडायचा वेळ साडेबारा तासांवरून दीड तासाच्या आसपास आला, पण कामगार टिकेनात, शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षात तीनशेच्या वर माणसं घ्यावी लागत होती. जानेवारी 1914 मध्ये दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली तेव्हा ही गळती खूप कमी झाली. एटीएम आल्यावर वाटलं होतं कॅशियर गेलेच, पण अमेरिकेत एका शहरी शाखेतले कॅशियर सरासरी 20 वरून 13 वर आले आणि शाखा चालवणं स्वस्त झाल्याने बँकांनी शाखाच वाढवल्या, त्यामुळे एकूण नोकऱ्या बराच काळ टिकल्या, काम मात्र पैसे मोजण्यावरून गिऱ्हाइकाशी बोलण्याकडे गेलं. पुढे मोबाईल बँकिंग आल्यावर त्या नोकऱ्याही कमी व्हायला लागल्या. गोदीतल्या हमालांना तर तेवढीही मुदत मिळाली नाही, कंटेनर आले तशा जुन्या बंदरांतल्या वस्त्यांच्या वस्त्या बेकार झाल्या.

म्हणून मशीन यायच्या आधी, ट्रायलच्याही आधी, ज्याचं काम बदलणार त्याला बसवून सांगा की कुठलं काम जाणार, कुठलं येणार, शिकवणार कोण, आणि शिकण्याचे तास ड्युटीत धरणार की नाही. पगाराचं काय तेही तिथेच सांगा. नोकरी जाणार असेल तर तेही तेव्हाच सांगा, म्हणजे त्याला दुसरं काही बघायला महिने मिळतील, दिवस नाही.