ग्रामफू ते काझा: कुंझुमच्या वाटेवर फोर बाय फोर कशी चालवायची

मनालीहून अटल टनेलमधून पलीकडे आलं की बहुतेक गाड्या डावीकडे सिस्सू-केलाँगला जातात. आपण उजवीकडे, कोकसरवरून ग्रामफू आणि मग चंद्रा नदीच्या काठाकाठानं छत्रू, बातल, कुंझुम खिंड, लोसर करत स्पितीतल्या काझाला. टनेलनं गेलात तर रोहतांगचं परमिट लागत नाही. ग्रामफू ते बातल जेमतेम 50 किलोमीटर, पण चार-पाच तास धरूनच चला. रुंदीकरणाचं काम चालू असतं त्यामुळे मागच्या वर्षी वाचलेलं वर्णन यंदा जुळेलच असं नाही, निघायच्या आधी मनालीत टॅक्सीवाल्यांना विचारा, त्यांच्याइतकी ताजी खबर कोणाकडेच नसते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, पहाटे पाचला मनाली सोडा. आपल्याकडं घाटात नाल्याला पाणी पावसानं येतं, इथे उन्हानं येतं. वर बर्फ वितळतो आणि रस्त्यावरून वाहणारा, सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्याच्या वर जातो, तेही आकाश निळंभोर असताना. मी पहिल्या वेळी नाश्ता, फोटो, चहा करत करत छत्रूच्या पुढे तीन वाजवले आणि पाण्याचा आवाज ऐकूनच घाम फुटला. सरळ मागे फिरलो, छत्रूला मुक्काम केला, सकाळी तोच नाला सेकंड गिअरमध्ये पार झाला.

नाला आला की आधी गाडीतून उतरा. जिथे पाणी खळखळतंय तिथे खाली दगड आहेत पण खोली कमी, जिथे गुळगुळीत काळपट दिसतंय तिथे खड्डा समजा. शक्यतो पुढच्या गाडीला जाऊ द्या आणि तिची चाकं किती बुडतात ते बघा, फक्त बस किंवा ट्रक गेला म्हणून आपण जाऊ असं नाही, त्यांची उंची वेगळी. दरीकडच्या कडेला पाणी खाली कोसळतं आणि रस्ता आतून पोखरतं, म्हणून तिकडे चिकटू नका. थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनी 650 मिमी सांगते, जिम्नीची 300, पण हे आकडे साचलेल्या पाण्याचे धरा, वाहत्या पाण्याचा धक्का वेगळाच असतो.

मग गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून 4एल (चारही चाकांना जोर देणारी, हळू चालणारी लो रेंज) टाका, फर्स्ट किंवा सेकंड लावा, काचा खाली घ्या आणि ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवून चला. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लचला पाय लावायचा नाही, आणि जोरात घुसून पाणी उडवायचं तर अजिबात नाही, रील्स बघून लोक हेच शिकतात आणि एअर इन्टेकमधून पाणी आत घेतात. पाण्यात इंजिन बंद पडलं आणि पाणी आत गेल्याची शंका असली तर परत स्टार्टर मारू नका, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडायलाच लागतं. दोरीनं ओढून काढा. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके हलके दाबत थोडं अंतर चालवा म्हणजे ते सुकतात.

बाकी रस्ता म्हणजे गोटे. इथे चूक एकच होते, मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेणं. चाक दगडावर चढवा, इंजिनखालचं ऑइल चेंबर दगडावर नको, चेंबर फुटलं की खेळ संपला. शंका आली तर बाजूच्याला खाली उतरवा आणि फक्त त्या एकाचंच ऐका, चार जण चार बाजूंनी हात करायला लागले की गाडी बरोबर दगडावरच बसते. हाफ क्लचवर चढू नका, वास यायला लागला तर थांबा, त्यासाठीच तर 4एल आहे.

टायरचं एक गंमतशीर आहे. वर हवेचा दाब कमी होतो म्हणून तोच टायर जास्त फुगलेला दाखवतो, मनालीत 32 पीएसआय भरलं तर कुंझुमवर काटा 35 कडे जाऊ शकतो, थंडी असली तर तेवढा फरक दिसत नाही. गोट्यांवर मी 25-26 ठेवतो, फार खाली नेलं की टोकदार दगडानं साइडवॉल कापली जाते. छोटा कॉम्प्रेसर, पंक्चर किट, चांगली स्टेपनी, टो दोरी आणि जॅकखाली ठेवायला लाकडाची फळी, एवढं हवंच. डिझेल-पेट्रोल मनालीत फुल करा, पुढचा पंप थेट काझाला.

कुंझुम 4,550 मीटरच्या आसपास आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. टर्बो नसलेली पेट्रोल गाडी चढावर दमते, तेव्हा एक गिअर खालीच ठेवा. वर कुंझुम माताच्या देवळाला गाडीनं प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे, सगळे घालतात, आम्हीपण घातली. लोसरकडे उतरताना 4एल मध्ये सेकंड, ब्रेक कमीत कमी, न्यूट्रल कधीच नाही. मात्र कोरडं डांबर लागलं की 2एच (फक्त दोन चाकांना जोर) करा, पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे पुढची-मागची चाकं एकत्र जखडणारी, कोरड्या डांबरावर वळवली की ड्राइव्हलाइन (चाकांपर्यंत जोर नेणारे शाफ्ट आणि गिअर) आखडते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, आणि रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर लाजू नका.

माणसांचं गाडीपेक्षा जपावं लागतं. मनाली 2,050 मीटर आणि कुंझुमजवळचा चंद्रताल तलाव 4,250 च्या पुढे, एकाच दिवसात तिथे जाऊन झोपायचं म्हणजे डोकेदुखी, उलट्यांना आमंत्रण. माझं मत विचाराल तर उलटी फेरी करा, शिमला, किन्नौर, ताबो, काझा असं हळूहळू चढत या आणि कुंझुम शेवटी घ्या. तसं आलात तर काझाहून अंधारातच निघा, कारण नाले दिवसाच्या उत्तरार्धात लागतात, नाहीतर बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल खाऊन तिथेच मुक्काम टाका आणि उरलेले नाले दुसऱ्या दिवशी सकाळी करा. कोणी बरळायला लागलं किंवा सरळ चालता येईना तर रात्र असो की काही, खालीच आणायचं.