महासाथीत कामे थांबली तर: गोव्यातील कामगारांची आधीची तयारी

महासाथ येऊन कामे थांबल्यावर कागदपत्रांसाठी धावपळ करणे फारसे उपयोगी पडत नाही. मार्च 2020 मध्ये बांधकाम उपकराच्या (बांधकामाच्या खर्चावर घेतल्या जाणाऱ्या कराच्या) निधीतून बांधकाम मजुरांच्या खात्यात पैसे जमा करावेत, अशी सूचना केंद्राने राज्यांना केली. पण तो निधी राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्यांसाठीच होता. म्हणून पहिले काम नोंदणीचे. वय 18 ते 60 असावे आणि मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेले असावे, ही त्यासाठीची मुख्य अट आहे. त्या दिवसांचा दाखला साइट संपण्यापूर्वीच मागून घ्यावा, कारण दुसऱ्या साइटवर गेलेला ठेकेदार फोन उचलेलच असे नाही. घरकाम करणाऱ्या महिला, किनाऱ्यावरील शॅकवरचे कामगार आणि मासळीविक्रेत्या यांनी ई-श्रम या केंद्राच्या असंघटित कामगारांसाठीच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून मिळालेला बारा अंकी क्रमांक लिहून ठेवावा.

हॉटेलांत वा कारखान्यांत काम करणाऱ्यांनी पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) व भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, हे पाहावे. कापला जात असेल, तर निधीच्या खात्याला आधार व बँक खाते जोडून घ्यावे. 2020 मध्ये शिलकीच्या 75 टक्के किंवा तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, यांपैकी कमी असेल ती रक्कम काढण्याची मुभा मिळाली होती.

शिधापत्रिका बिहारची वा कर्नाटकाची असली, तरी धान्य येथे मिळू शकते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेत गोवा 1 जानेवारी 2020 पासून आहे, आणि कामगाराने आपल्या वाट्याचे धान्य येथे उचलून उरलेले गावी कुटुंबाने घेणेही शक्य आहे. मात्र धान्य उचलणाऱ्याचे आधार पत्रिकेला जोडलेले असावे लागते. पुष्कळदा घोडे अडते ते अंगठ्यापाशी. चुना-सिमेंटात वर्षे काढलेल्या गवंड्याच्या बोटांवरील रेषा झिजून गुळगुळीत होतात, रेशन दुकानातील यंत्र ‘जुळत नाही’ म्हणते, आणि मागची रांग कुरकुरू लागते. अशांनी आधार केंद्रात जाऊन ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा करावी व आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडावा. येथे येताच नवे सिम घेण्याची आणि बँकेला दिलेला जुना क्रमांक रिचार्जअभावी बंद पडू देण्याची सवय (ती फार जणांना आहे) ऐनवेळी महागात पडते.

वाड्यावरच्या मंडळानेही पंचायतीच्या साहाय्याने भाड्याच्या खोल्यांतील कुटुंबांची यादी करावी. तीत माणसांची संख्या, लहान मुले, कायमची औषधे, बोलण्याची भाषा आणि मूळ गावचा जिल्हा यांची नोंद असावी. मे 2020 मध्ये मडगाव, करमळी व थिवी येथून श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा ही माहिती घाईघाईत गोळा करावी लागली होती. देवस्थानाच्या किंवा चर्चच्या सभागृहात स्वयंपाक करता येईल का, मोठी भांडी व गॅस कोणाकडून मिळेल, हे तेथील समितीला आताच विचारावे. यादीची एक प्रत पंचसदस्याकडे द्यावी आणि दर पावसाळ्यानंतर ती तपासावी, कारण तोवर निम्म्या खोल्यांत नवी माणसे आलेली असतात.