पहिल्या वर्षाच्या मुलांची दारू: पहिल्या दोन महिन्यांत काय करायचं

ऐरोलीत आमच्याकडे कॉलेजची मुलं पेइंग गेस्ट राहतात. दरवर्षी चार-पाच नवी येतात, लातूर, जळगाव, सांगलीकडची. कॉलेज सुरू होतं न होतं तोच गटारी, मग फ्रेशर्स पार्टी, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायचे बेत. कुणाचा ग्रुप अजून ठरलेला नसतो. काही करायचं असेल तर याच दिवसांत करा, दिवाळीनंतर कुणी ऐकत नाही.

व्याख्यान नको, चिठ्ठ्या करा. रात्री जेवणं झाली की मी प्रत्येकाला कोरा कागद देते, नाव लिहायचं नाही. दोन प्रश्न: गेल्या महिन्यात तू किती वेळा प्यायलास? आणि तुझ्यासारख्या दहा मुलांतली किती पितात असं तुला वाटतं? दुसऱ्या उत्तरात सात, आठ असे आकडे येतात. पहिल्यात बहुतेक चिठ्ठ्यांवर शून्य. सगळ्या चिठ्ठ्या ताटात उलगडून ठेवते आणि गप्प बसते. ‘सगळेच घेतात’ या समजापायी बरीच मुलं ग्लास हातात धरतात.

मग माप. कोकम सरबत घ्या, प्लास्टिकचा ग्लास द्या आणि सांगा, ‘एक पेग ओत.’ ओतलेलं मापाच्या कपात घाला. गेल्या खेपेला 70 मिली भरलं. छोटा पेग 30 मिलीचा, म्हणजे एक म्हणता दोनाच्या वर. ‘बीअरने काय होतंय’ म्हणणाऱ्याला सांगा, 8 टक्क्यांची 650 मिलीची बाटली म्हणजे असे चार पेग. यकृताला एवढा एक पेग पचवायला साधारण तास लागतो. लिंबूपाण्याने, कॉफीने, गार अंघोळीने तो वेळ कमी होत नाही.

कायदा एका वाक्यात: महाराष्ट्रात बीअर-वाइनला वय 21, बाकी दारूला 25.

नाही कसं म्हणायचं, तेही शिकवावं लागतं. कारण सांगितलं की समोरचा ते खोडून काढतो. ‘मी घेत नाही’ एवढंच, हातात थम्स अप. घरीच दोन-चारदा मोठ्याने म्हणायला लावा. बाहेर जाणाऱ्याला आधी पोटभर वाढा. रिकाम्या पोटी दारू फार लवकर चढते. शनिवारी मी मुद्दाम उशिरा पावभाजी करते, कॅरम मांडते. बरीच मुलं मग घरीच थांबतात.

सगळ्यात महत्त्वाचं आता. आमच्या एका मुलाचा मित्र दुसरीकडे हॉस्टेलवर राहायचा. खूप प्यायला, उलट्या झाल्या, आणि ओरडा बसेल म्हणून मुलांनी खोलीला आतून कडी घातली. सकाळी त्याला थेट आयसीयूत न्यावं लागलं. वाचला. तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगते: रात्री कितीही वाजता मला उठवा, त्या वेळी एक शब्द बोलणार नाही. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर मात्र घरी कळवणार, तेही आधीच सांगून ठेवते.

प्यायलेल्याला कुशीवर झोपवा, उताणं नको. एकटं सोडू नका, घशात बोटं घालून उलटी काढू नका. हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर लगेच 108.

जो दर आठवड्याला पितोय, त्याला एकट्याला बोलवा. काय बिनसलंय ते विचारा. आपल्याला झेपत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट, मराठीत बोलतात. नंबर नुसता हातात देऊ नका, लावून द्या. मागच्या वर्षी एक मुलगा आमच्या गॅलरीत उभा राहून बराच वेळ बोलत होता. मी मधलं दार ओढून घेतलं आणि त्याचं ताट झाकून ठेवलं.