ऑफिसचा लॅपटॉप, घरच्या फाइल आणि घरचा प्रिंटर : या चुका टाळा

कंपनीने दिलेला लॅपटॉप घरी वापरताना बहुतेकांच्या दोन साध्या अपेक्षा असतात. घरच्या संगणकावरील एखादा फोल्डर त्यावरून उघडता यावा आणि घरच्या प्रिंटरवर त्यावरून कागद काढता यावा. दोन्ही यंत्रांवर विंडोज असते, वाय-फाय एकच असते, इंटरनेटही दोन्हीकडे चालू असते, आणि तरीही घरचा संगणक लॅपटॉपवर दिसत नाही किंवा दिसला तरी पासवर्ड स्वीकारत नाही. घरातील दोन खासगी संगणक जोडण्याच्या नेहमीच्या पद्धती येथे अपुऱ्या पडतात, कारण हा लॅपटॉप कंपनीच्या डोमेनमध्ये (कंपनीचे सर्व संगणक व खाती एकत्र सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) असतो, त्याची बरीचशी सेटिंग्ज आयटी विभाग ठरवतो आणि वापरणाऱ्याकडे ॲडमिनचे अधिकार सहसा नसतात. म्हणून पुढील सर्व विवेचनामागे एकच भूमिका आहे : लॅपटॉप आहे तसा राहू द्यावा आणि आवश्यक ते बदल घरचा संगणक, राउटर व प्रिंटर यांच्यात करावेत.

लॅपटॉपवरील फोल्डर शेअर करणे

सर्वांत मूळची चूक दिशेची आहे. लॅपटॉपवरील फोल्डर शेअर करून तो घरच्या संगणकावरून उघडण्याचा प्रयत्न पुष्कळ जण करतात. त्यासाठी लॅपटॉपला बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकाराव्या लागतात आणि कंपनीच्या फायरवॉलने (नेटवर्कवरील जोडण्या तपासून अडवणाऱ्या व्यवस्थेने) नेमके तेच बंद केलेले असते. मग विंडोजमधील नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’वरून (अनोळखी) ‘प्रायव्हेट’ (विश्वासाचा) करणे, फायरवॉल बंद करून पाहणे, अँटिव्हायरसला विराम देणे असे एकापेक्षा एक धोक्याचे उपाय सुरू होतात. त्यांची गरजच नसते. विंडोजची फायरवॉल मूळ स्वरूपात बाहेर जाणाऱ्या जोडण्या अडवत नाही, त्यामुळे लॅपटॉपवर घरचे नेटवर्क ‘पब्लिक’ असले तरी त्यावरून घरच्या संगणकावरील शेअर केलेला फोल्डर उघडता येतो. फोल्डर घरच्या संगणकावर असावा, तेथेच नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करावे, तेथेच ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे आणि लॅपटॉपने तेथे जाऊन फाइल घ्यावी किंवा ठेवावी, ही रचना सुरक्षितही आहे आणि टिकाऊही.

‘पब्लिक’ नेटवर्कवर एक गोष्ट मात्र बंद असते. फाइल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ विभागात इतर संगणकांची यादी दिसत नाही. यादी रिकामी दिसली म्हणजे जोडणी अशक्य आहे असा निष्कर्ष काढू नये. पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्यापुढे घरच्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा क्रमांक) लिहावा, उदाहरणार्थ \\१९२.१६८.१.२५ (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अंक), आणि एंटर दाबावे. संगणकाच्या नावापेक्षा आयपी पत्ता अधिक भरवशाचा ठरतो, कारण स्थानिक नावे शोधण्याच्या जुन्या पद्धती अनेक कंपन्या सुरक्षेसाठी बंद करून ठेवतात.

वर्कग्रुप जुळवण्यासाठी डोमेन सोडणे

ही चूक क्वचित होते, परंतु झाली तर सर्वांत महाग पडते. दोन्ही संगणकांच्या वर्कग्रुपचे (डोमेन नसलेल्या संगणकांच्या गटाचे) नाव सारखे असले पाहिजे, हा सल्ला अनेक वर्षे फिरत आहे. डोमेनमधील लॅपटॉपवर वर्कग्रुपचे नाव घालायचे म्हणजे त्याच चौकटीत डोमेनची निवड काढावी लागते, आणि ती काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की कंपनीच्या खात्याने लॉगिन होत नाही. त्या यंत्रावरील स्थानिक ॲडमिन खात्याचा पासवर्ड ठाऊक नसेल, तर काम तेथेच थांबते. वस्तुतः फोल्डर उघडण्यासाठी वर्कग्रुपचे नाव जुळण्याची काहीही आवश्यकता नाही. पत्ता बरोबर असला आणि खाते ओळखले गेले की पुरे. ‘होमग्रुप’ ही घरातील संगणक जोडण्याची विंडोजची जुनी सोय शोधण्यातही वेळ घालवू नये, कारण २०१८ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ती सोय काढून टाकण्यात आली आहे.

एकच वाय-फाय आहे, असे गृहीत धरणे

फायबर जोडणी देणाऱ्या कंपनीचा डबा हा स्वतःच एक राउटर असतो. त्याची रेंज आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून आपण त्याला दुसरा राउटर जोडतो, आणि घरात नकळत दोन स्वतंत्र नेटवर्क तयार होतात. आतल्या राउटरवरील यंत्रे बाहेरच्या नेटवर्कवरील यंत्रांपर्यंत पोहोचू शकतात, पण उलट दिशेने वाट नसते. म्हणजे प्रिंटर आतल्या राउटरवर आणि लॅपटॉप फायबरच्या डब्यावर असेल, तर इंटरनेट उत्तम चालूनही कागद निघणार नाही. तपासणी सोपी आहे : दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते पाहावेत. घरगुती राउटरवर साधारणपणे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन भाग सारखे असावे लागतात, एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर दोष तेथेच आहे. दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीने (स्वतःचे वेगळे नेटवर्क न बनवता) चालवला की सर्व यंत्रे एका नेटवर्कवर येतात.

‘गेस्ट’ वाय-फायचेही असेच आहे. त्यावरील यंत्राला इंटरनेट मिळते, पण घरातील इतर यंत्रे त्याला दिसू दिली जात नाहीत. ऑफिसचा लॅपटॉप गेस्ट नेटवर्कवर ठेवा, असे काही कंपन्या मुद्दाम सांगतात. तशी सूचना असेल तर ती पाळावी आणि घरच्या फाइल त्या लॅपटॉपवर उघडण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्हीपीएनकडे दुर्लक्ष करणे

सकाळी चाललेला प्रिंटर कामाच्या वेळेत बंद पडतो आणि संध्याकाळी आपोआप चालू लागतो, अशी तक्रार असेल तर प्रथम व्हीपीएनचा (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणाऱ्या सोयीचा) संशय घ्यावा. कित्येक कंपन्यांचे व्हीपीएन लॅपटॉपवरील सर्व वाहतूक ऑफिसकडे वळवते, आणि मग घरातील यंत्रांकडे जाणारी वाटही बंद होते. व्हीपीएन तोडून फोल्डर उघडतो का हे एकदा पाहिले की निदान होते. ते सतत चालूच ठेवण्याची सक्ती असेल, तर स्थानिक नेटवर्कची परवानगी देणे केवळ आयटी विभागाच्या हातात असते.

याचा एक कमी परिचित प्रकार आहे. ऑफिसचे अंतर्गत नेटवर्कही १९२.१६८.१ याच मालिकेतील पत्ते वापरत असेल, तर व्हीपीएन जोडल्यावर घरच्या प्रिंटरचा पत्ता लॅपटॉप ऑफिसमध्ये शोधू लागतो. घरच्या राउटरमधील मालिका बदलून १९२.१६८.५७ अशी वेगळी ठेवली की हा गोंधळ मिटतो.

चुकीचे नाव, चुकीचा पासवर्ड

पत्ता सापडला आणि पासवर्डची चौकट उघडली, तर निम्मे काम झाले. येथे बहुतेक जण ऑफिसचे नाव आणि ऑफिसचा पासवर्ड टाकतात, आणि घरचा संगणक तो नाकारतो, कारण कंपनीचे डोमेन त्याला माहीत नसते. काही जण घरच्या संगणकाचा चार अंकी पिन टाकून पाहतात. पिन हा त्याच यंत्रासमोर बसून लॉगिन करण्यापुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीही चालत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याचाही उपयोग होत नाही, कारण रिकाम्या पासवर्डचे स्थानिक खाते नेटवर्कवरून वापरू द्यायचे नाही असा विंडोजचा मूळ नियमच आहे.

यावर स्वच्छ उपाय असा. घरच्या संगणकावर फक्त या कामासाठी एक साधे स्थानिक खाते काढावे, त्याला चांगला पासवर्ड द्यावा आणि एकच फोल्डर केवळ त्या खात्यासाठी शेअर करावा. परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, एकदा ‘शेअरिंग’मध्ये आणि एकदा ‘सिक्युरिटी’मध्ये, दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते, हे विसरल्यामुळे फोल्डर उघडतो पण फाइल जतन होत नाही. लॅपटॉपवर नाव लिहिताना आधी घरच्या संगणकाचे नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचे नाव लिहावे. आधीचा भाग गाळला तर लॅपटॉप आपल्या डोमेनचेच नाव पुढे जोडण्याचा संभव असतो.

आधी चुकीच्या नावाने जोडणी झाली असेल, तर एकाच यंत्राशी दोन नावांनी जोडता येत नाही, अशा अर्थाचा संदेश येतो. तेव्हा सर्व जोडण्या एकदम तोडणारी आज्ञा वापरू नये. तिने ऑफिसचे नेटवर्क ड्राइव्हही निघून जातात. साइन आउट करून पुन्हा लॉगिन करावे, आणि ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये (विंडोजने साठवलेल्या नावा-पासवर्डांच्या यादीत) घरच्या पत्त्याची जुनी नोंद असेल तर तेवढीच काढावी.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून ‘एव्हरीवन’ला परवानगी देण्याचा सोपा वाटणारा मार्ग तर मुळीच घेऊ नये. नाव-पासवर्ड न देता जोडू पाहणाऱ्या पाहुण्या खात्याची जोडणी विंडोजच्या एंटरप्राइझ आवृत्त्या २०१७ पासूनच नाकारतात, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आवृत्तीही नाकारते. त्या वेळी येणाऱ्या संदेशात ‘तुमच्या संस्थेचे सुरक्षा धोरण’ असे शब्द असतात. ते कोणत्याही कंपनीशी संबंध नसलेल्या संगणकावरही दिसतात, तेव्हा त्यासाठी आयटी विभागाला दोष देणे योग्य नाही.

जुन्या हार्ड डिस्कसाठी एसएमबी१ सुरू करणे

राउटरच्या यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क किंवा जुनी नेटवर्क स्टोरेज पेटी उघडत नसेल, तर एसएमबी१ ही फाइल शेअर करण्याची विंडोजमधील जुनी पद्धत सुरू करा असे हमखास सुचवले जाते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेले ‘वॉनाक्राय’ हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच जुन्या पद्धतीतील त्रुटीचा फायदा घेऊन एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेले होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या प्रतींमध्ये एसएमबी१ मुळात बसवलेच जात नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते सुरू करणे म्हणजे कंपनीच्या संपूर्ण नेटवर्कला धोक्यात घालणे आहे. ती डिस्क काढून घरच्या संगणकाला लावावी आणि तेथून शेअर करावी. राउटरमध्ये ४४५ हा पोर्ट (फाइल शेअरिंगची क्रमांकित वाट) बाहेरच्या जगासाठी उघडण्याचा सल्ला तर कोणत्याही कारणासाठी मानू नये.

प्रिंटर

प्रिंटरला वाय-फाय असेल, तर तो घरच्या संगणकामार्फत शेअर करूच नये. लॅपटॉपने थेट प्रिंटरशी बोलावे. अलीकडच्या बहुतेक वाय-फाय प्रिंटरना आयपीपी ही नेटवर्कवरून छपाईची पद्धत समजते आणि तिचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) विंडोजमध्येच असल्यामुळे निर्मात्याचे मोठे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवावे लागत नाही. यादीत प्रिंटर दिसला नाही, तर ‘मॅन्युअली ॲड’ निवडून त्याचा आयपी पत्ता द्यावा. काही आठवडे चाललेला प्रिंटर एखाद्या दिवशी ‘ऑफलाइन’ दिसू लागतो, याचे नेहमीचे कारण म्हणजे वीज जाऊन आल्यावर राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो. राउटरच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास संपतो. घरच्या संगणकासाठीही तेच करावे, आणि तो झोपी जाणार नाही याची काळजी घ्यावी.

फक्त यूएसबी असलेला लेझर प्रिंटर ही खरी अडचण आहे. तो घरच्या संगणकावरून शेअर केला, तरी त्याचा ड्रायव्हर लॅपटॉपवर उतरवताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. ‘प्रिंट नाइटमेअर’ या नावाने गाजलेल्या त्रुटीनंतर, ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून विंडोजने हा नियम केला आहे. तो टाळण्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदींत) फेरफार करण्याच्या किंवा सुरक्षा अपडेट काढून टाकण्याच्या क्लृप्त्या सांगितल्या जातात. ऑफिसच्या यंत्रावर त्यांपैकी एकही करू नये. लॅपटॉपवर दस्तऐवजाची पीडीएफ करावी, ती शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि घरच्या संगणकावरून छापून लगेच पुसून टाकावी. मार्ग थोडा लांबचा आहे, पण त्यात काही बिघडण्यासारखे नाही.

अर्थात ही पीडीएफ ऑफिसच्या कामाची असेल, तर ती घरच्या संगणकावर ठेवण्याची मुभा आहे का, हे आधी विचारावे. ग्राहकांची माहिती, पगारपत्रके, वैद्यकीय नोंदी असे काही त्यात असेल तर हा प्रश्न केवळ कंपनीच्या नियमावलीपुरता राहत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा भारतात २०२३ मध्ये झाला आहे. आयटी विभागाला लिहिताना ‘प्रिंटर चालत नाही’ एवढेच न कळवता प्रिंटरचे मॉडेल, तो वाय-फायचा आहे की यूएसबीचा, त्याचा आयपी पत्ता, आलेल्या संदेशाचे नेमके शब्द आणि व्हीपीएन तोडल्यावर काय घडले, या पाच गोष्टी एकाच पत्रात द्याव्यात.