दुपारी तीनला स्टेज मोकळं

"ताई, तीनला स्टेज मोकळं पायजे बरं का. संध्याकाळची पार्टी चारलाच यायलीय."

लग्नसराईत कार्यालयाच्या मॅनेजरचा हा फोन मला इतक्यांदा आलाय, की आता तो बोलायच्या आधीच मी "हो दादा, पावणेतीनला" म्हणून टाकते. लातूरकडं कमी बजेटच्या लग्नांत फुलांची सजावट करायची असेल, तर हॉल आपला नसतो हे आधी डोक्यात बसवा. सकाळी एक लग्न, गोरज मुहूर्तावर दुसरं, आणि तिथी मोठी असली तर वरच्या मजल्यावर तिसरं. आपल्याला मिळतात लावायला दोन तास आणि काढायला अर्धा तास. फुलं कोणती, रंग कोणता, हे सगळं नंतर. मोबाइलमधला फोटो पुढं करून "अस्संच पाहिजे" म्हणणाऱ्या नवरीला हे पटवणं अवघड असतं. नवीन आलेल्या पोरापोरींना पटवणं त्याहून अवघड, कारण त्यांच्याही मोबाइलमध्ये तेच फोटो असतात.

माझं शिक्षण उद्यानविद्येचं, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची पदवी. पॉलिहाऊसमधल्या जरबेऱ्याला काय द्यायचं ते तोंडपाठ होतं, पण पाइपला लडी बांधायची गाठ येत नव्हती. ती शिकवली मामांनी, त्यांचं हारांचं दुकान आहे. पहिलं काम २०१६ च्या एप्रिलात, मावसबहिणीच्या लग्नाचं. त्या महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. घरोघर घागरी मोजून ठेवलेल्या, आणि मी यादी केली डच गुलाब, जरबेरा, लिली. मामांनी यादी वाचली, चष्मा काढला नि विचारलं, "ह्यांना बादल्या भरून पाणी कोण पाजणार गं? वऱ्हाड का तू?" मग कागद उलटा करून मागं त्यांनी लिहिलं: झेंडू, आंब्याचे डहाळे, अशोकाची पानं, ज्वारीची कणसं. तोडल्यावर बादलीशिवाय दिवस काढणारा माल.

आजही माझ्या कामाचा पाया तोच आहे. महागडी फुलं मी वापरते, पण मूठभर, आणि नवरा-नवरीच्या चेहऱ्यांच्या आसपासच. त्यात अलीकडं करडईची भर पडलीय. फुलात असताना कापायची, जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगायच्या, केशरी रंग बऱ्यापैकी टिकतो. जानेवारी-फेब्रुवारीत वाळवून ठेवलेला माल मे महिन्याच्या लग्नाला चालतो. एका नवरीच्या आईनं ओळखलंच, "हे तर आमच्या रानातलं हाय, ह्याचे कसले पैशे?" पैसे वाळवायचे आणि बोटांत काटे मोडून घ्यायचे, असं सांगितल्यावर हसल्या. घासाघीस मात्र केलीच.

काम घेण्याआधी जागा बघायला जा, आणि लग्नाची जी वेळ असेल त्याच वेळेला जा. सकाळी दहाला सावलीत असलेलं लॉनवरचं स्टेज साडेबाराला भर उन्हात असू शकतं. टेप न्या. जंबो कुलर कुठं ठेवतात ते विचारा, कारण त्याच्या झोतात मोकळ्या लडी एकमेकींत गुंतून वेणी होतात. गाडी कुठवर येते, जिना कुठं वळतो, भिंतीला खिळा किंवा चिकटपट्टी चालते का. बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. आणखी एक गोष्ट तेव्हाच विचारून घ्या: बाहेरच्या डेकोरेटरकडून कार्यालय 'रॉयल्टी' घेतं का. एका ठिकाणी मला हे लग्नाच्या सकाळी कळलं. माझा त्या दिवसाचा सगळा नफा गेटवरच जमा झाला. पावती मागितली तर मिळाली नाही.

भिंतीला हात लावायचा नाही म्हटल्यावर सजावट स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. माझी फ्रेम साधी आहे, चौकोनी पाइपचे दोन भाग, प्रत्येक चार फूट रुंद आणि सात फूट उंच, मध्ये नट-बोल्ट, खाली आडवे पाय आणि त्यांवर वाळूच्या पिशव्या. सातच फूट का? छोट्या हत्तीचा, म्हणजे मालाच्या छोट्या टेम्पोचा, हौदा सात फुटांपेक्षा जेमतेम लांब आहे म्हणून. आठ फुटांची पहिली फ्रेम मी हौसेनं करून घेतली होती. ती गाडीबाहेर डोकावायची, आणि शेंड्याची फुलं रस्त्याच्या वाऱ्यानं अर्धी व्हायची.

आता फुलांचा हिशेब. हा नीट वाचा, सगळे पैसे इथंच वाचतात किंवा बुडतात. चांगल्या टपोऱ्या झेंडूची किलोत साधारण शंभर-सव्वाशे फुलं बसतात. दाट ओवली तर बाराएक फूट लडी होते. आठ फूट रुंदीच्या फ्रेमवर चार-चार इंचांवर लडी सोडल्या तर चोवीस लडी. प्रत्येक सात फूट म्हणजे एकशे अडुसष्ट फूट, म्हणजे चौदा किलो. नवखा माणूस खर्च कमी करायला काय करतो? लडी विरळ करतो. सहा इंचांवर सोडल्या की सोळा लडी, साडेनऊ किलोच्या आत काम होतं. पण मागचं कापड दिसतं आणि सजावट दुष्काळी वाटते. मीही दोन सीझन तेच करत होते. मग एका लग्नाचे फोटो बघताना लक्षात आलं, की खालचे तीन फूट एकाही फोटोत नाहीत. तिथं सोफा असतो, सोफ्यावर नवरा-नवरी, पुढं आहेराला आलेली माणसं. तेव्हापासून लडी चोवीसच ठेवते, पण चारच फुटांच्या. शहाण्णव फूट, आठ किलो. वर गच्च झेंडू, खाली अशोकाची पानं नि वाळलेली कणसं. विरळ लडींपेक्षा कमी फुलं लागतात आणि दिसतं दुप्पट भरगच्च.

उन्हाळ्यात फूल लहान निघतं, तेव्हा वजनावर विसंबू नका, किलोभर मोजून बघा. दसऱ्यानंतर कवडीमोल होणारा झेंडू एप्रिल-मेच्या दाट तिथींना डोळे पांढरे करतो. म्हणून लातूरजवळच्या मुरूडकडच्या एका शेतकरी काकांशी मी तारखा आधीच बोलून ठेवते. बाजार पडला तरी ठरलेला भाव देते, बाजार चढला तरी ते मला ठरलेल्याच भावानं देतात. डच गुलाब आणि ऑर्किड हैदराबादच्या गुडीमलकापूर बाजारातून रात्रीच्या गाडीनं येतात. गुलाबाची जुडी वीस फुलांची, जरबेऱ्याची दहाची. पैसे देण्याआधी दोन-तीन जुड्या सोडून आतली फुलं बघा.

आलेला माल ठेवायचा कुठं? शीतगृह आपल्याला परवडत नाही. मी अंगणात विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधलाय. ही दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेतली जुनी युक्ती. विटांची दुहेरी भिंत, मधल्या तीन इंचांत वाळू, सकाळ-संध्याकाळ ती वाळू ओली करायची, वर ओलं गोणपाट. आत बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड राहतं. आपल्याकडची कोरडी हवा एरवी जीव काढते, इथं मात्र तीच कामाला येते. गुलाबाचे देठ तिरके कापून, खालची पानं काढून, आत तीन-चार तास पाण्यात ठेवायचे. जरबेऱ्याला पाणी बोटभरच, जास्त झालं की देठ कुजतो. झेंडूला मात्र पाण्याचा थेंब नको. ओल्या झेंडूचं प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं पोतं मी एकदा रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी हात घातला तर आत गरम, काळपट, आंबूस लगदा. नऊ किलो. तेव्हापासून झेंडू कोरडा, वर्तमानपत्रावर पसरून.

लडी घरीच फ्रेमला बांधून घ्यायच्या, गोळा करून जुन्या साडीत गुंडाळायच्या आणि कार्यालयात फक्त साडी सोडायची. चाळीस मिनिटांचं काम पाच मिनिटांवर येतं. साडी सुतीच घ्या, नायलॉनच्या साडीत फुलं घामेजतात.

गुलाबांसारख्या देठाच्या फुलांना हिरवा फोम सगळेच वापरतात. तो पाण्यावर सोडून द्यायचा, आपोआप बुडतो. हातानं दाबला तर आत कोरडा राहतो आणि फुलं दुपारी माना टाकतात. पण तो प्लास्टिकच, एकदा वापरला की गेला, आणि छोट्या कामात त्याचा खर्च डोळ्यात येतो. मी केळीचा खांब वापरते. नांदेडकडं अर्धापूर केळीचंच, आणि घड उतरला की झाड तोडायचंच असतं, त्यामुळं खांब जवळपास फुकट मिळतो. हातभर तुकडा आडवा ठेवायचा, खिळ्यानं भोक पाडायचं, त्यात देठ. खांबात इतकं पाणी असतं की संध्याकाळपर्यंत चिंता नाही. फक्त चीक सांभाळा. ताजा कापलेला खांब मी एकदा तसाच स्टेजवर नेला. अंतरपाटाजवळ नवरीला घेऊन येणारे मामा त्याला टेकले, आणि पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर चिकाचा पट्टा उमटला. तासाभरात तो तपकिरी झाला. तो डाग धुऊन जात नाही. सदऱ्याचे पैसे मी दिले. आता खांब आदल्या रात्री कापते, कापलेली बाजू खाली करून निथळू देते आणि दोन्ही टोकांना केळीचंच पान बांधते.

आता एका हॉलमधल्या दोन लग्नांबद्दल. सकाळच्या आणि संध्याकाळच्या घरानं मिळून एकच सजावट घेतली तर दोघांचेही पैसे वाचतात. हिशेबाला हे सोपं दिसतं, पण मधे घरातल्या आज्या असतात. पहिल्यांदा मी हे सुचवलं तेव्हा संध्याकाळच्या नवरीची आजी म्हणाली, "दुसऱ्याच्या लग्नातली उतरलेली फुलं आमच्या लेकराला? असलं कुठं असतंय का?" आजीचं चुकलं असं मला वाटत नाही. शिळं फूल आपण देवाला वाहत नाही, तर नवरीला कसं? पण फ्रेम शिळी होत नाही, कापड होत नाही, कणसं होत नाहीत. म्हणून मी वाटणी अशी केली: फ्रेम, कापड, वाळलेला माल आणि भाडं दोघांत निम्मं. दारचं तोरण, हार, फ्रेमवरच्या लडी ज्याच्या त्याच्या, ताज्या. लडींचा वरचा पाइप वेगळा सुटतो, तो काढून दुसरा अडकवायला दहा मिनिटं पुरतात. सकाळी केशरी, संध्याकाळी पिवळा-पांढरा, त्यामुळं दोन्हीकडच्या फोटोंत सजावट वेगळी दिसते. यात लपवाछपवी अजिबात नको. दोन्ही घरांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत सांगा आणि कुणी किती द्यायचं ते कागदावर लिहून सही घ्या. पाहुण्यांत पाहुणे निघतात, गोष्ट कळतेच.

वेळेचा एक धडा पुस्तकात नसतो. पत्रिकेवर बारा पस्तीस छापलंय म्हणून बारा पस्तीसला अक्षता पडत नाहीत. परण्या निघतो, मारुतीपुढं नाच सुरू होतो, नवरदेवाचे मित्र बँडवाल्याला सोडत नाहीत. दीड वाजतो. फुलं त्या दीडच्या हिशेबानं लावायची, पण काढायची वेळ तीनच राहते, ती कुणी पुढं सरकवत नाही. म्हणून जेवणाच्या पंगती बसल्या की मी आतल्या कोपऱ्यातली बांधणी सैल करायला लागते, सोफ्याच्या मागून, कुणाला दिसणार नाही अशी.

पैशांचं थोडक्यात. पंधरा हजारांच्या कामात माझा फुलांवर साडेपाच-सहा हजार खर्च होतो, ओवणाऱ्या बायका आणि मदतनीस पोरांवर साडेतीन, गाडीवर दीड-दोन. उरलेल्यात फ्रेमची झीज, फोनवरचे तास आणि आपण. निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय फुलं सांगू नका, बाजारात उधारी चालत नाही. उरलेले पैसे अक्षतांच्या आधी मागा. पाठवणीच्या वेळी सगळे रडत असतात, तेव्हा नवरीच्या बापापुढं बिल धरणं मला तरी जमत नाही. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा गणपती, महालक्ष्म्या आणि दसऱ्यावर घर चालतं. शिकायचं असेल तर त्याच दिवसांत एखाद्या हारवाल्याकडं बसा. क्लास लावण्याआधी दोन महिने फक्त ओवा.

काढायच्या वेळी घाईत सगळं एका पोत्यात कोंबू नका. झेंडू वेगळा, तो आमच्या ओवणाऱ्या मावशींच्या कोंबड्यांना जातो. हिरवा पाला शेळ्यांना. पण त्याआधी बांधणीची तार वेचायची. शेळीच्या पोटात तार गेली तर ती दगावू शकते. मी तारेचे तुकडे मोजून नेते आणि मोजूनच पेटीत परत टाकते. मागच्या मेमध्ये दोन कमी भरले. खाली संध्याकाळची पार्टी आली होती, हळदीचं ताट फिरत होतं, आणि मी मोबाइलची बॅटरी लावून स्टेजच्या फळ्यांखाली पालथी पडलेले. मॅनेजर वाकून म्हणाला, "ताई, तीन वाजून वीस मिन्टं झाली." एक तुकडा सापडला होता. दुसरा माझ्याच ओढणीत अडकलेला होता, तो घरी गेल्यावर दिसला.