लॅपॅक जोडून शेअर्ड लायब्ररी बनवताय? या चुका टाळा

लिंकर म्हणजे कम्पाइल झालेल्या फाइल्स आणि लायब्ऱ्या एकत्र जोडणारा प्रोग्राम. त्याचा एरर आला की हात आपोआप कमांडच्या शेवटी जातो आणि तिथे आणखी एक -एल, म्हणजे लायब्ररी जोडण्याचा पर्याय, चिकटतो. -एललॅपॅक, -एलब्लास (लॅपॅक आणि ब्लास या मॅट्रिक्सच्या गणिताच्या, मुळात फोर्ट्रान भाषेतल्या लायब्ऱ्या), मग कुठेतरी पाहिलेलं -एलएफटूसी. कधी कधी जमूनही जातं, पण मुळात काय चुकलं होतं ते कळत नाही आणि पुढच्या मशीनवर तोच एरर पुन्हा समोर येतो. त्यापेक्षा लिंकरला जे नाव सापडत नाहीये ते अक्षर न् अक्षर वाचा. हे नाव मागतंय कोण आणि ते द्यायचं कोणी, एवढं कळलं की उपाय बहुतेक वेळा एका ओळीचा असतो.

उदाहरणादाखल एक साधी लायब्ररी घेऊ. कोड सी भाषेत, समीकरणं सोडवायला लॅपॅकचं डीजीईएसव्ही, मॅट्रिक्सच्या गुणाकाराला ब्लासचं डीजेम. लिनक्सवर जीसीसी कम्पायलरने शेअर्ड, म्हणजे प्रोग्राम चालताना मेमरीत येणारी, लायब्ररी बांधायची आणि पायथनमधून सीटाइप्स या मॉड्यूलने वापरायची.

"रीकम्पाइल विथ -एफपिक"

हा एरर बघून अनेकजण -एफपिक लिंकच्या कमांडमध्ये टाकतात. त्याने काहीच होत नाही. शेअर्ड लायब्ररी मेमरीत कुठल्या पत्त्यावर बसेल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून तिच्यातला कोड ठरावीक पत्त्यावर अवलंबून चालत नाही. पत्त्यावर अवलंबून नसलेला असा कोड बनवायला -एफपिक असतं, आणि तो कम्पाइल होतानाच तयार व्हावा लागतो. लिंकरच्या हाती येते ती शिजलेली भाजी, त्यात तो काय बदलणार?

दुसरं म्हणजे, एररची ओळ सुरुवातीपासून वाचा. दोषी फाइलचं नाव तिथेच असतं, आणि बऱ्याचदा ती तुमची नसतेच. कधीतरी हाताने बांधून होम डिरेक्टरीत ठेवलेल्या लिबलॅपॅक.ए मधली ती एक ऑब्जेक्ट फाइल असते. मग लॅपॅकच पुन्हा बांधायचं. तिथेही एक खाच आहे: मेक.इंक फाइलमध्ये फोर्ट्रानचे पर्याय दोन ठिकाणी असतात, एक नेहमीचे आणि एक "नोऑप्ट"चे. डीलॅमचसारखी काही रूटीन्स मुद्दाम ऑप्टिमायझेशनशिवाय, म्हणजे दुसऱ्या पर्यायांनी कम्पाइल होतात. तिथे -एफपिक राहिलं की बाकी सगळं नीट होऊनही एरर तसाच. आणि आधी मेक क्लीन करा, नाहीतर जुन्याच ऑब्जेक्ट फाइल्स पुन्हा आत जातील.

बांधणीसाठी सीमेक हे साधन वापरत असाल तर शेअर्ड लायब्ररीच्या स्वतःच्या फाइल्सना तो आपण होऊन हा पर्याय लावतो. तिच्यात जोडलेल्या स्टॅटिक लायब्ररीला (जिचा कोड लिंक करतानाच आत घेतला जातो) लावत नाही. तिथे पोझिशन_इंडिपेंडंट_कोड तुम्हालाच ऑन करावं लागतं.

एका अंडरस्कोरचा प्रश्न

"अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीजेम" आणि "अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीजेम_" हे दोन वेगळे आजार आहेत. जीफोर्ट्रान नाव छोट्या लिपीत करतो आणि शेवटी एक अंडरस्कोर लावतो. सी मधून नुसतं डीजेम बोलावलंत, तर ब्लासच्या कितीही लायब्ऱ्या जोडल्या तरी ते नाव सापडणार नाही. चूक तुमच्या कोडमध्ये आहे. अंडरस्कोर असूनही नाव सापडत नसेल, तरच लायब्ररीकडे वळा. नावापुढे कंसात आर्ग्युमेंट्सचे टाइप दिसत असतील, तर फाइल सी++ म्हणून कम्पाइल झाली आहे आणि एक्स्टर्न "सी" लिहायचं राहिलंय. सीब्लास_डीजेम हे तर तिसरंच, ब्लासच्या सी साठीच्या रूपातलं नाव. ओपनब्लास या ब्लासच्या प्रचलित आवृत्तीत ते सहसा असतं. जीएसएल ही सी ची गणिती लायब्ररी वापरत असाल तर -एलजीएसएलच्या मागून -एलजीएसएलसीब्लास द्यावं लागतं.

नाव _जीफोर्ट्रान_ ने सुरू होत असेल, तर फोर्ट्रानची रनटाइम लायब्ररी हवी आहे: -एलजीफोर्ट्रान द्या, किंवा लिंक करायला थेट जीफोर्ट्रान वापरा. आणि __पॉव_फायनाइट किंवा __एक्स्प_फायनाइट दिसलं, तर जुन्या मशीनवर फास्ट-मॅथ लावून बांधलेली स्टॅटिक लायब्ररी तुम्ही ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३१ किंवा नंतरच्या आवृत्तीवर जोडताय. ती नावं नव्या लिंकिंगसाठी काढून टाकली आहेत. त्या लायब्ररीचा सोर्स मिळवून ती पुन्हा बांधणं हाच मार्ग.

क्रम

लिंकर यादी घेऊन बाजारात डावीकडून उजवीकडे एकदाच चक्कर मारतो. मागे राहिलेल्या दुकानात तो परत जात नाही. -एलब्लास आधी आणि -एललॅपॅक नंतर दिलंत, तर लॅपॅकने यादीत वाढवलेलं सामान घ्यायला ब्लासचं दुकान मागे पडलेलं असतं. म्हणून आधी आपल्या फाइल्स, मग लॅपॅक, मग ब्लास, शेवटी -एलएम, म्हणजे सी ची गणिताची लायब्ररी. हे स्टॅटिक लायब्ऱ्यांपुरतंच आहे असं समजू नका. उबुंटू ११.१० पासून गरजेपुरतंच जोडण्याचा पर्याय मुळातच लावलेला असतो, त्यामुळे तिथे शेअर्ड लायब्ररीसुद्धा आपल्या फाइल्सच्या आधी लिहिली तर गळून जाते.

-एलएमबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. वर्गमूळ २.० चं काढलंत तर कम्पायलर उत्तर आधीच काढून ठेवतो आणि -एलएम नसतानाही सगळं चालतं. त्याच जागी व्हेरिएबल आलं की एरर. "काल तर चालत होतं" याचं हे एक अगदी खरं कारण आहे.

लिंक झाली, पण लायब्ररी पुरी नाही

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. -शेअर्ड दिल्यावर लिनक्सचा लिंकर न सापडलेल्या नावांबद्दल मुळात तक्रारच करत नाही. लायब्ररी बनते, तुम्ही निश्चिंत होता, आणि पायथन सांगतं: "अनडिफाइन्ड सिम्बॉल: डीजीईएसव्ही_". हे टाळायला लिंकच्या कमांडमध्ये -डब्ल्यूएल,--नो-अनडिफाइन्ड कायमचं ठेवा. अपवाद एकच: पायथनचं एक्स्टेन्शन मॉड्यूल, कारण त्यात पायथनची स्वतःची नावं मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात. बनलेल्या लायब्ररीवर एलडीडी -आर चालवलं तरी अपुरी नावं दिसतात. मॅकचा लिंकर आपण होऊन अडवतो. तिथे डायनॅमिक_लुकअप देऊन त्याला गप्प करण्याची सवय मला धोक्याची वाटते.

आणि जिथे लिंकर बोलणारच नाही

ओपनब्लास ६४ बिटांच्या पूर्णांकांसहही बांधता येतं. वेगळा प्रत्यय लावला नसेल तर नाव तेच राहतं, डीजीईएसव्ही_. लिंक बिनतक्रार होते. मग तुमच्या चार बाइटच्या इंटच्या पत्त्यावरून लायब्ररी आठ बाइट वाचते, आणि प्रोग्राम कोसळतो किंवा भलतंच उत्तर देतो. ओपनब्लास_गेट_कॉन्फिग हे फंक्शन बोलावून छापा. त्यात यूज६४बिटइंट दिसलं तर आपले पूर्णांकही ६४ बिटांचे करा.

त्यानंतर पहिली चाचणी हाताने सोडवता येईल अशी घ्या: २क्ष + ३य = ८ आणि क्ष − य = −१. उत्तर १ आणि २ यायला हवं. १.४ आणि ५.२ आलं, तर लिंकिंग ठीक आहे. फोर्ट्रान मॅट्रिक्स स्तंभांनुसार वाचतो आणि तुम्ही ओळींनुसार पाठवलीत.