शेततळं आणि पोरं: आधी वर येण्याची सोय, मग पोहणं

शेततळ्यात पट्टीचे पोहणारेही बुडतात. तिथे तरंगणं जमतं, वर येणं जमत नाही. तळ्याला अंथरलेला 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, त्यावर शेवाळ, खाली तीन मीटर खोली. हाताला धरायला काही नाही, पाय ठरत नाही, दम संपतो. मे महिन्यात पाणी खाली जातं, उघडा कागद लांबतो, आणि शाळेला सुट्टी नेमकी तेव्हाच असते.

म्हणून पहिला खर्च दोराचा. 18 ते 20 मिमी जाडीचा नायलॉन दोर घ्या आणि दर फुटाला गाठ मारा. काठाबाहेर दोन फूट खड्डा घेऊन लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये रोवा, वरचं टोक त्याला बांधा. खालचं टोक पार तळापर्यंत सोडा. भरल्या तळ्याच्या पाण्यापर्यंतच दोर सोडला, तर उन्हाळ्यात तो वरच लोंबतो. उतार खोलीच्या दीडपट पसरलेला असेल तर त्याची लांबी साडेपाच मीटरच्या आसपास भरते; पण गाठी बराच दोर खातात, तेव्हा तुकडा 12 मीटरचा कापा. 30 बाय 30 मीटरच्या तळ्याला प्रत्येक बाजूला दोन, असे आठ दोर लागतात. लोखंडी शिडीने कागद फाटतो. त्यापेक्षा दोराला मोटरसायकलचे जुने टायर बांधा, लहान पोरांना पाय रोवता येतो. उन्हाने दोर कुजतो. दरवर्षी पावसाळ्याआधी मोठ्या माणसाने काठावर उभं राहून जोर लावून ओढून बघावा.

जाळीचं कुंपण पाच फुटी, खालची फट चार इंचांपेक्षा कमी. फाटकाला आडव्या पट्ट्या नकोत, ती पोरांची शिडीच होते. कुलूप रोज लावायचं; मोटार चालू करायला जाताना फाटक उघडं राहतं, तीच वेळ धोक्याची. फाटकाजवळ झाकण घट्ट बसवलेला पाच लिटरचा रिकामा कॅन 15 मीटर दोरीला बांधून टांगा. आत पेलाभर पाणी ठेवलं की तो लांब फेकता येतो.

पोहायला शिकवायचं ते तालुक्याच्या जलतरण तलावात, उथळ बाजूला. शेततळ्यात अजिबात नाही. शिकवणारा हाताच्या अंतरावर हवा, मोबाइल बाजूला. आधी तोंड पाण्यात घालून नाकाने बुडबुडे सोडणं, मग पाठीवर तरंगणं, मग कठडा धरून पाय मारणं. हात सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हातांपासून सुरुवात करतात आणि पोर मान वर ताणून दमतं. पाठीला बांधलेला डबा पोर थांबलं की त्याचं तोंड पुढे पाण्यात ढकलतो, कमरेची ट्यूब सरकून डोकं खाली करते. दोन्हीच्या भरवशावर पोर सोडू नका. शिकलं कधी म्हणायचं? अंगावर कपडे असताना खोल पाण्यात उतरून वर यावं, मिनिटभर तरंगावं, 25 मीटर जावं आणि आधाराशिवाय बाहेर यावं.

कोणी बुडत असेल तर मागे उडी नको. काठावर पालथे पडून कॅन फेका, दुसऱ्याला 108 लावायला सांगा. बाहेर काढलेलं पोर श्वास घेत नसेल तर पोट दाबणं, उलटं टांगणं, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणं यात वेळ जातो. आधी तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनीही वाढतो.